ढिले मनगट आणि अडकणारे पिस्तूल

नेमबाजीच्या मैदानावर हे दृश्य नेहमीचे आहे. नवशिक्याच्या हातातील लहान पिस्तूल दुसऱ्या-तिसऱ्या गोळीलाच अडकते. रिकामी पुंगळी बाहेर पडण्याऐवजी स्लाइडमध्ये उभी चिमटली जाते. प्रशिक्षक तेच पिस्तूल, तीच काडतुसे घेतो आणि संपूर्ण मॅगझिन विनाअडथळा रिकामे करतो. अशा वेळी दोष हत्यारात नसून पकडीत असतो. इंग्रजीत याला 'लिम्प रिस्टिंग' म्हणतात, म्हणजेच ढिले मनगट.

गोळी पुढे सुटते तेव्हा तेवढ्याच संवेगाने स्लाइड मागे रेटली जाते. जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेवर आधारलेल्या बहुतेक आधुनिक पिस्तुलांत नळी व स्लाइड सुरुवातीचे काही मिलिमीटर एकमेकांत अडकून मागे जातात. मग नळीचे मागचे टोक खाली झुकते आणि स्लाइड एकटीच पुढचा प्रवास करते. या प्रवासात ती पुंगळी ओढून फेकते, स्प्रिंग दाबते आणि परत येताना मॅगझिनमधील नवे काडतूस नळीच्या मुखात ढकलते. हे सारे सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात घडते.

मात्र स्लाइडचा हा प्रवास पिस्तुलाच्या सांगाड्याच्या तुलनेत व्हावा लागतो. हलक्या कपाटाचा घट्ट बसलेला खण ओढला की खण उघडण्याऐवजी कपाटच पुढे सरकते, हा घरोघरचा अनुभव आहे. येथे कपाट धरून ठेवण्याचे काम मनगटाचे. ते ढिले असेल तर सांगाडाही स्लाइडबरोबर मागे जातो आणि वर उसळतो. स्लाइडला पुरेसे अंतर मिळत नाही. पुंगळी अर्धवट निघते किंवा पुढचे काडतूस उचललेच जात नाही.

मोठ्या पिस्तुलात ही चूक बरेचदा खपून जाते, लहानात खपत नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक १७ ची नळी ११४ मि.मी. लांब आहे, तर १९९५ मध्ये आलेल्या ग्लॉक २६ ची सुमारे ८७ मि.मी. काडतूस मात्र तेच, ९ मि.मी. व्यासाचे आणि जवळजवळ ३० मि.मी. लांबीचे. म्हणजे धक्का जवळपास तेवढाच. पण स्लाइड आखूड व हलकी, स्प्रिंग अधिक ताठ आणि मागे जाण्यासाठी मोकळी जागा कमी. मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचे काडतूस वर आणायला अवधीही थोडाच मिळतो. त्यातच प्लास्टिकचा हलका सांगाडा, आणि मूठ इतकी आखूड की करंगळी हवेतच राहते. म्हणूनच काही मॅगझिनना तळाशी करंगळीसाठी छोटी ओठाळी जोडलेली असते.

उपाय साधा आहे. तळहात मुठीवर शक्य तितका वर, स्लाइडच्या लगत असावा. खाली धरले तर नळी जास्त उसळते. मनगट ताठ आणि दुसऱ्या हाताचा भक्कम आधार हवा. अंगठा स्लाइडला घासत असेल तर तो तिचा वेग खातो, ही चूक अनुभवी मंडळीही करतात.

तथापि प्रत्येक अडथळ्याचे खापर हातावर फोडणे योग्य नाही. मॅगझिनचे वाकलेले ओठ, झिजलेला एक्स्ट्रॅक्टर, थकलेली स्प्रिंग किंवा दुबळी काडतुसे यांमुळेही हेच घडते. अनुभवी हातातही पिस्तूल अडकत राहिले तर प्रथम मॅगझिन बदलून पाहावे.

आपल्याकडे ९ मि.मी. पिस्तूल सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाही; पोलिसांच्या कमरेला मात्र ते असते. चकमकीत खांद्याला जखम झालेल्या, एका हाताने जीप सांभाळणाऱ्या किंवा जमिनीवर पडलेल्या शिपायाला आदर्श पकड कोठून मिळणार? रिव्हॉल्व्हरमध्ये ही अडचण नसते, कारण त्याचे चक्र धक्क्याने नव्हे तर बोटाच्या ओढीने फिरते. पिस्तूल बाळगणाऱ्याने एका हाताने, आणि डाव्या हातानेही, आपल्या कामाच्याच काडतुसांनी ते चालवून पाहिलेले असावे. त्याच सरावात मॅगझिनच्या बुडाला थाप मारून स्लाइड झटक्यात ओढण्याची क्रियाही बोटांत मुरवली जाते.