सॅन होजे येथील ऑनलाइन अध्यापनाचे दोन प्रयोग (२०१२-१३) : विद्यार्थ्यांचे समाधान आणि संपादणूक

ऑनलाइन साधनांमुळे विद्यार्थ्यांची संपादणूक सुधारते काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा सर्वसाधारण विधानांच्या आधारे होते. कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठात एकाच शैक्षणिक वर्षात झालेल्या दोन प्रयोगांचे निकाल मात्र परस्परविरोधी आले. म्हणून हे उदाहरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे.

पहिला प्रयोग २०१२ च्या उत्तरार्धातील होय. ‘एडएक्स’मार्फत उपलब्ध झालेली एम.आय.टी.ची विद्युत परिपथांवरील व्याख्याने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी घरी पाहावीत आणि वर्गात प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उदाहरणे सोडवावीत, अशी योजना होती. या तुकडीतील ९१ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. जुन्या पद्धतीच्या वर्गांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आत होते. येथे व्याख्यान वर्गाबाहेर गेले, प्राध्यापक वर्गातच राहिला, ही बाब टक्केवारीच्या आकर्षणात सहज निसटते.

या यशाने उत्साह वाढला. जानेवारी २०१३ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या उपस्थितीत ‘युडॅसिटी’ कंपनीबरोबरचा करार जाहीर झाला. पायाभूत गणित, बीजगणित व संख्याशास्त्र हे तीन अभ्यासक्रम, प्रत्येकी सुमारे १०० विद्यार्थी आणि १५० डॉलर शुल्क, असे त्याचे स्वरूप होते. पायाभूत गणितासाठी पूर्वी त्याच विषयात अनुत्तीर्ण झालेले विद्यार्थी निवडले गेले. शालेय विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळाला. सुमारे ८३ टक्के विद्यार्थी अखेरपर्यंत टिकले. टिकून राहणे हे समाधानाचे गमक मानले, तर प्रयोग यशस्वीच म्हणावा लागेल. परंतु एकाही अभ्यासक्रमाचा निकाल ५१ टक्क्यांवर गेला नाही. प्रत्यक्ष वर्गांचा निकाल मात्र ७४ टक्के वा त्याहून अधिक होता. जुलै २०१३ मध्ये प्रयोग स्थगित झाला.

त्याच उन्हाळी सत्रात संख्याशास्त्राचा निकाल ८३ टक्क्यांपर्यंत चढला. साधन फारसे बदलले नव्हते. विद्यार्थी बदलले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांकडे आधीच पदवी होती. पुढे प्रसिद्ध झालेल्या संशोधन अहवालाने विद्यार्थ्याचे परिश्रम हाच यशाचा सर्वांत प्रबळ घटक ठरविला. तथापि काही शालेय विद्यार्थ्यांना संगणकाची पुरेशी सोयच नव्हती. अशा स्थितीत परिश्रमांचे मोजमाप कितपत न्याय्य ठरते, असा प्रश्न उरतोच.

विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने एप्रिल २०१३ मध्येच हार्वर्डचे मायकेल सँडेल यांना खुले पत्र लिहून त्यांचा ध्वनिचित्रित अभ्यासक्रम वापरण्यास नकार दिला होता. संपन्न विद्यापीठांत प्रत्यक्ष प्राध्यापक आणि इतरत्र त्यांच्या चित्रफिती, अशी विभागणी होईल, ही त्यामागील भीती होती. वर्षअखेरीस ‘युडॅसिटी’चे संस्थापक सेबॅस्टियन थ्रुन यांनी कंपनीचा भर व्यावसायिक प्रशिक्षणाकडे वळविला. पायाभूत गणितात पुन्हा अनुत्तीर्ण झालेल्यांची जबाबदारी विद्यापीठाकडेच राहिली.