लॉकवुड किपलिंग : कलाकार आणि कागदपत्रे

जॉन लॉकवुड किपलिंग (१८३७–१९११) : इंग्रज आरेखक, शिल्पकार व कलाशिक्षक. जन्म यॉर्कशायरमधील पिकरिंग येथे. बर्सलेमच्या चिनी मातीच्या कारखान्यात उमेदवारी केल्यानंतर १८६५ मध्ये ते मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत अध्यापक म्हणून आले. त्याच वर्षी मुंबईत पुत्र रुडयार्डचा जन्म झाला. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची उठावशिल्पे लॉकवुड यांचीच. बाजारहाट करणाऱ्यांची नजर मात्र तेथवर क्वचितच पोहोचते.

१८७० च्या सुमारास त्यांनी सरकारसाठी उत्तर हिंदुस्थानातील विणकर, पिंजारी, लाकूडकाम करणारे आदी कारागिरांची रेखाचित्रे काढली. मँचेस्टरच्या कापडापुढे हातमाग मागे हटत असतानाची ही नोंद आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १८७५ मध्ये ते लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्य झाले. १८९३ मध्ये मायदेशी परतले.

खासगी कागदपत्रांचे दैव निराळे. वडिलांच्या निधनानंतर रुडयार्डने घरातील पत्रव्यवहाराचा मोठा भाग जाळून टाकला. वृत्तपत्रीय कात्रणांच्या वह्यांसारखे जे उरले, ते ससेक्स विद्यापीठाच्या किपलिंग संग्रहात जतन केलेले आहे.