पन्हाळा ते विशाळगड : आठवी 'ब'ची कागदावरची सहल

१९८३ साली आपल्या वर्गाची सहल रद्द झाली, हे बहुतेकांना आठवत असेल. वर्गणीच पुरेशी जमली नव्हती. तेव्हा इतिहासाचे सर म्हणाले, "गाडी नाही तर नाही, कागदावर जाऊ." प्रत्येक गटानं एक गड घ्यायचा, नकाशा काढायचा आणि वर्गाला बसल्या जागी फिरवून आणायचं. रायगड, प्रतापगड लगेच संपले. आमच्या वाट्याला पन्हाळा ते विशाळगड ही वाट आली. गटप्रमुख मी.

हकिगत सगळ्यांना पाठ होती. १६६०च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. राजापूरच्या इंग्रजांनी आपलं निशाण लावून गडावर तोफा डागल्या (पुढच्याच वर्षी त्यांच्या वखारीनं त्याची किंमत मोजली). १२ जुलैच्या रात्री भर पावसात महाराज पालखीतून निसटले. शिवा काशिदांनी महाराजांचं सोंग घेऊन शत्रूला चकवलं आणि प्राण दिले. घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. विशाळगडालाही सुर्वे-दळवींचा वेढा होताच. तो फोडून गड गाठावा लागला.

मी जिल्ह्याच्या नकाशावर पट्टी ठेवली. सरळ रेषेत चाळीस किलोमीटर. ताशी पाच धरले. वेळापत्रक तयार : रात्री १० पन्हाळा, सकाळी ६ विशाळगड, चहा-पोहे.

आमच्या गटात शाहूवाडीकडचा एक मुलगा होता. मागच्या बाकावर बसायचा, फारसा बोलायचा नाही. ते वाचून तो हसला. "वढं काय पट्टी बघून व्हात्यात व्हय रं?"

मग त्यानं सांगितलं. आषाढात मसाई पठारावर ढग उतरला की दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. ओढा चढला तर ओसरेपर्यंत थांबायचं, नाहीतर वळसा घालायचा. त्याच्या आजारी आजीला पावसाळ्यात डोलीतून सडकेपर्यंत आणलं होतं. चौघे खांद्याला, चौघे मोकळे सोबत. थोडं चाललं की खांदा बदलायचा. एकाचा पाय सरकला की डोली खाली.

पुस्तकात सहाशे मावळे एवढंच होतं. ते फक्त लढायला होते असं मी धरून चाललो होतो. पालखी रात्रभर न थांबता पळवायची तर खांदे बदलायलाच किती माणसं लागली असतील! वाट साठेक किलोमीटरची, आणि पोहोचायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. खिंडीत उभे राहिले ते लोक रात्रभर चिखल तुडवून आलेले होते, उपाशी असतील, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि सादरीकरणाच्या दिवशी वर्गापुढे वाचलं. आजीची डोली गाळली. "हा विचार कुणाचा?" सरांनी विचारलं. मी म्हणालो, "माझा, सर." तो मागच्या बाकावरून माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही. सरांनी मला शाईचं पेन दिलं.

नववीत त्यानं शाळा सोडली. स्मरणिकेसाठी यादी केली ती दहावीच्या निकालावरून, त्यामुळे तिच्यात त्याचं नाव नाही. पुढे मी ती वाट जुलैमध्ये दोनदा चाललो. धडधाकट असून, पाठीवर एक पिशवी घेऊन, मला दोन दिवस लागले.

सर या मेळाव्याला येणार आहेत असं कळतं. पेन त्यांच्याकडे परत देणार आहे. तो कुठे असतो ते कुणाला ठाऊक असेल, तर मेळाव्याआधी मला कळवा.