मानमोडीचे मूळ

पहिले महायुद्ध संपत आले असता जगावर जे दुसरे संकट कोसळले, त्याला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ हे नाव पडले. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाचा पहारा गोदीवर होता. थोड्याच दिवसांत ताप शहरभर पसरला आणि ओसरलाही. परंतु सप्टेंबरात तो परतला, तो अतिशय उग्र रूप धारण करून. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईबाहेर तर नोंदी ठेवायलाही माणसे पुरेनात. हिंदुस्थानात या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले, असे अभ्यासक मानतात. मरणाऱ्यांत लहानग्यांच्या आणि वृद्धांच्या जोडीने ऐन तारुण्यातील, कर्ती माणसे होती, हे या साथीचे विशेष क्रौर्य.

हा रोग कशाने होतो, हे वैद्यकशास्त्राला त्या वेळी ठाऊक नव्हते काय? आश्चर्याची गोष्ट अशी की, ते ठाऊक आहे असाच बहुतेक सर्वांचा समज होता. त्या समजाला भक्कम आधारही होता. रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्यात कॉलऱ्याच्या जंतूचा शोध पक्का केला. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येरसँ याने प्लेगचा जंतू शोधला. दोनच वर्षांनी प्लेग मुंबईत आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन याने ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका खोलीत त्यावरील लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. रोग म्हटला की त्याचा जंतू असणारच, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसणारच, अशी त्या पिढीची श्रद्धा होऊन बसली होती.

याच श्रद्धेतून १८९२ साली बर्लिनमध्ये रिचर्ड फायफर याने इन्फ्लुएंझाच्या रुग्णांच्या कफात एक बारीक दांडीसारखा जंतू पाहिला आणि हाच रोगाचा कर्ता, असे जाहीर केले. फायफर हा कॉखच्या तालमीत तयार झालेला. त्याच्या शब्दाला वजन होते. जगाने तो शोध मान्य केला. १९१८ ची साथ आली, तेव्हा अनेक देशांत या जंतूपासून लसी तयार करण्यात आल्या आणि हजारो लोकांना त्या टोचण्यात आल्या. पण कितीतरी रुग्णांत तो जंतू सापडेचना. उलट, निरोगी माणसांच्या घशातही तो आढळू लागला.

योगायोग असा की, खऱ्या उत्तराची वाट त्याच १८९२ साली उघडली होती. रशियात दिमित्री इव्हानोव्स्की हा तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या रोगाचा अभ्यास करीत होता. जंतू अडवून धरणारी चिनी मातीची गाळणी तेव्हा उपलब्ध झाली होती. रोगट पानांचा रस तीतून गाळून त्याने निरोगी झाडांना लावला, तरीही ती झाडे रोगी झाली! मात्र जंतूंच्या कल्पनेचा पगडा असा होता की, खुद्द इव्हानोव्स्कीलाही यामागे एखादा जंतू किंवा त्याचे विष असावे, असेच वाटले. १८९८ साली हॉलंडमध्ये मार्टिनस बायरिंक याने हाच प्रयोग केला आणि ही वस्तू जंतूहून निराळीच असून ती केवळ जिवंत पेशींतच वाढते, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी गुरांच्या लाळ-खुरकुताचे कारणही गाळणीतून पार होते, असे जर्मनीत सिद्ध झाले. अशा रोगकारकांना पुढे मराठीत ‘विषाणू’ हे नाव रूढ झाले.

जिवाणू आणि विषाणू यांतील भेद केवळ आकाराचा नाही. जिवाणू ही एक संपूर्ण पेशी असते. ती अन्न घेते, वाढते, दुभंगून आपली संख्या वाढवते. काचेच्या बशीत पोषक द्रव्य घातले की बहुतेक जिवाणू तेथे सुखाने वाढतात. विषाणूला असा स्वतंत्र संसार नाही. प्रथिनाच्या कवचात जपलेला आनुवंशिक द्रव्याचा एक धागा, एवढेच बहुतेकांचे स्वरूप. दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिच्याच सामग्रीवर तो आपल्या प्रती तयार करवून घेतो. साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नाही.

इन्फ्लुएंझाचा खरा कर्ता हाती लागायला १९३३ साल उजाडावे लागले. लंडनमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णाच्या घशातील धुवण गाळून ते मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट या प्राण्यांच्या नाकात सोडले. प्राणी शिंकू लागले, तापाने फणफणले. गाळणीतून पार होणारा तो एक विषाणू होता. मात्र फायफरच्या जंतूचे ‘इन्फ्लुएंझा’ हे नाव शास्त्रीय परिभाषेत तसेच राहून गेले.

तथापि, तो जंतू अगदीच निरपराध होता असेही नाही. १९१८ साली विषाणूने फुप्फुसे दुबळी केली आणि मग फायफरच्या जंतूसह इतर जिवाणूंनी तेथे शिरकाव केला. बहुसंख्य रुग्ण अशा फुप्फुसदाहाने दगावले, असे पुढील संशोधनातून दिसून आले. आणखी एक नवल असे की, १९२८ साली पेनिसिलीन गवसल्यावर अलेक्झांडर फ्लेमिंगने त्याचा जो एक उपयोग आवर्जून सांगितला, तो फायफरचा जंतू इतर जंतूंतून निवडून काढण्याचा. पेनिसिलीन जिवाणूची भिंत रचू देत नाही. विषाणूला तशी भिंतच नसते. म्हणून ते त्याच्यापुढे निष्प्रभ ठरते.

स्वातंत्र्यानंतर या दोन्ही आघाड्यांवरील काम पुण्याच्या परिसरात उभे राहिले. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. जवळच पिंपरी येथे सरकारी कारखान्यात १९५५ साली पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा पुण्याच्या याच संस्थेने तो विषाणू वेगळा केला आणि त्यापासून देशी लस तयार होऊ शकली. १९१८ साली रोगाचा कर्ताच चुकीचा ठरवला गेला होता. या वेळी खरा कर्ता काही आठवड्यांतच हाती आला.

तरीही जुना गैरसमज पुरता गेलेला नाही. साध्या सर्दीसाठी, विषाणूजन्य तापासाठी आजही प्रतिजैविके मागितली जातात आणि दिलीही जातात. विषाणूचे त्यांनी काही बिघडत नाही. शरीरातील जिवाणू मात्र त्या औषधांना सरावतात, आणि खरोखर प्राणावर बेतते तेव्हा तीच औषधे निकामी ठरतात. मानमोडीच्या वेळी दोहोंतील भेद उमगला नव्हता, म्हणून माणूस हतबल होता. आता तो भेद ठाऊक असूनही दुर्लक्षिला जातो, आणि त्याची किंमत पुढच्या रुग्णाला मोजावी लागते.