सोनटक्क्याचा कंद

कोकणातल्या जुन्या घरामागे मोरीचं पाणी जिथे वाहून जातं, तिथे अळू, केळ आणि सोनटक्का ही मंडळी ठरलेली. अळवाची भाजी होते, केळीचं पान जेवायला लागतं. सोनटक्का मात्र निव्वळ वासासाठी राखलेला. पायाशी ओल आणि दुपारच्या उन्हाला आडोसा मिळाला की त्याचं भागतं. पावसाळ्यात संध्याकाळी कळ्या उमलतात आणि मागच्या दारी गेलेल्या माणसाला फूल दिसायच्या आधी वास गाठतो.

हे फूल एकदा हातात घेऊन नीट बघावं. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, त्या पाकळ्या नव्हेतच. खऱ्या पाकळ्या म्हणजे मागच्या तीन अरुंद पट्ट्या. त्या चटकन लक्षातही येत नाहीत. पुढचा सगळा शुभ्र पसारा पुंकेसरांचा आहे. परागकण धरायचं काम सोडून ते पसरट झाले, त्यातले दोन जुळून मधला रुंद भाग झाला. कामाचा पुंकेसर एकच उरला आणि स्त्रीकेसराचा तंतू त्याच्याच खोबणीतून डोकं वर काढतो. मध लांब नळीच्या तळाशी असतो. तिथवर सोंड पोचते ती रात्री हिंडणाऱ्या मोठ्या पतंगांची. पांढरा रंग आणि संध्याकाळनंतर दाटणारा वास, हे सारं त्यांच्यासाठी.

सोनटक्का आल्याच्या कुळातला. हळद आणि वेलदोडा त्याचे भाऊबंद. पानं चुरगळली तरी नातं कळतं. आणखी जवळची बहीण तर दिवाळीत आपल्या अंगाला लागते: उटण्यातली कपूरकाचरी म्हणजे हिमालयातल्या सोनटक्क्याच्याच एका जातीचा वाळवलेला कंद. सोनटक्क्याचं मूळ घरही तिकडचंच, पूर्व हिमालयापासून दक्षिण चीनपर्यंतच्या ओल्या डोंगरउतारांवर. तिथून तो आपल्या परसात नेमका कधी उतरला, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. कंद असाच येतो. या घरून त्या घरी, माहेरून सासरी, ओल्या फडक्यात गुंडाळून.

शास्त्राच्या दप्तरात मात्र त्याची तारीख आहे. लिनियसचा शिष्य योहान केनिग १७६८ मध्ये डॅनिश मिशनचा वैद्य म्हणून तरंगंबाडीला आला. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला आणि सयाम-मलाक्काच्या फेरीवर गेला. त्या फेरीत त्याने आल्याच्या कुळातल्या झाडांची वर्णनं फार बारकाईने लिहून काढली. ती १७८३ मध्ये स्वीडनमधल्या रेट्झियसने छापली आणि सोनटक्क्याला ‘हेडिकियम कोरोनेरियम’ हे नाव मिळालं. केनिग दोनच वर्षांनी वारला.

पुढे हा कंद समुद्र ओलांडून गेला. हवाईत त्याच्या फुलांचे हार झाले. क्यूबात त्याला ‘मारिपोसा’ म्हणतात. स्पेनविरुद्धच्या लढ्यात तिथल्या बायका केसांतल्या या फुलांत चिठ्ठ्या लपवून नेत, असं सांगतात. १९३६ मध्ये ते क्यूबाचं राष्ट्रीय फूल ठरलं. हजारो मैलांवरच्या पाहुणीला एखाद्या देशाने असा मान द्यावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. ब्राझीलमध्ये मात्र तो ओढ्याकाठी इतका माजला की स्थानिक झाडांना जागा उरेना. तुटलेल्या कंदाचा तुकडा पाण्याबरोबर वाहत जातो आणि अडकेल तिथे रुजतो. तिथे आता लोक त्याला उपटून काढतात.

आपल्याकडे अमरकंटकला नेमकं उलटं. नर्मदेच्या उगमापाशी याला गुलबकावली म्हणतात आणि फुलांचा अर्क डोळ्यांत घालतात. आंधळ्या बादशहाला दृष्टी देणाऱ्या फुलाची गोष्ट इज्जतुल्ला बंगालीने १७२२ मध्ये फारसीत लिहिली. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात निहालचंद लाहोरीने ती उर्दूत आणली. गोष्टीतलं फूल हेच, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. औषध म्हणून या फुलाची भरवसा ठेवण्याजोगी तपासणी माझ्या वाचनात नाही, म्हणून डोळ्यांत काही घालण्याच्या मी विरुद्ध आहे.

लावायचा असेल तर पावसाच्या तोंडावर एखाद्या जुन्या बेटातला कंद मागून घ्यावा. आपल्या बागांत त्याला फळ क्वचितच धरतं, त्यामुळे बियांची वाट बघू नये. दोन-तीन डोळे असलेला तुकडा आडवा ठेवून वर बोटभर माती लोटावी, शेणखत भरपूर द्यावं. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही. तो बुंध्याशी कापावा, म्हणजे नव्या कोंबांना मोकळीक मिळते. तीन-चार वर्षांनी बेट दाटतं आणि फुलं कमी होतात. तेव्हा ते खणून फोडावं आणि उरलेले कंद मागेल त्याला द्यावेत. ओढ्यात फेकू नयेत.