गिटार पेडलसाठी अ‍ॅडाप्टर घेताना...

उल्हासनगरच्या बाजारात नऊ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर मागितला की दुकानदार तो चटकन समोर ठेवतो. पिनही पेडलमध्ये नीट बसते. मात्र, पिन बसली म्हणजे अ‍ॅडाप्टर योग्य ठरला, असे नाही. अंबरनाथ, बदलापूरहून खरेदीस येणाऱ्या होतकरू गिटारवादकाची फसगत नेमकी येथेच होऊ शकते.

गिटारचा आवाज बदलणारी बहुतेक पेडल्स ९ व्होल्ट डीसीवर चालतात. त्यांच्या गोल पिनचा आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. वायफाय राउटर किंवा सेट-टॉप बॉक्सच्या अ‍ॅडाप्टरमध्ये सहसा याच्या उलट जोडणी असते; दिसायला दोन्ही पिना सारख्याच. अनेक पेडल्समध्ये संरक्षक डायोड असतो, पण तोही जळू शकतो. म्हणून दोन्हींवरील छोटी आकृती ताडून पाहावी. तिच्यातील मधल्या ठिपक्याला जोडलेले चिन्ह वजाचे हवे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची काही जुन्या घडणीची फझ पेडल्स याला अपवाद आहेत. ती इतरांसोबत एकाच अ‍ॅडाप्टरवर जोडल्यास शॉर्टसर्किट होते.

मिलिअँपिअरचा आकडा गरजेपेक्षा मोठा असला तरी अपाय नाही. पेडल हवा तेवढाच प्रवाह ओढते. व्होल्टेजचे तसे नाही. स्वस्तातला जुन्या पद्धतीचा बॅटरी एलिमिनेटर येथे दगा देतो. बटण ९ वर असले, तरी भार हलका असताना तो १२ व्होल्टच्याही वर जातो आणि आवाजात घरघर मिसळते ती वेगळीच. ‘रेग्युलेटेड’ असे लिहिलेलाच अ‍ॅडाप्टर घ्यावा.

परदेशातील आप्तांनी पाठवलेला अ‍ॅडाप्टर लावण्यापूर्वी त्यावरील ‘इनपुट’ची ओळ वाचावी. तेथे फक्त १२० व्होल्ट असेल, तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो जळून जाईल. १००-२४० असेल तर चिंता नाही.

अ‍ॅडाप्टरना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी २०१२च्या आदेशानंतर टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. छापलेल्या शिक्क्यावर विसंबण्यापेक्षा दुकानातच ही खातरजमा केलेली बरी.

गणेशोत्सव, नवरात्राच्या तात्पुरत्या मंचावर धोका अधिक. अ‍ॅम्प्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवू नये. तसे केल्यास तारांवर हात असताना माइकला ओठ लागताच वादकाला जीवघेणा झटका बसू शकतो. मंडपाच्या वायरिंगला अर्थिंग आणि अर्थ लीकेज ब्रेकर आहे का, हे वायरमनकडून आधीच तपासून घ्यावे.