मराठी ख्रिस्ती धर्मविचार

मराठी ख्रिस्ती धर्मविचार म्हणजे ख्रिस्ती सिद्धान्तांची मराठी भाषेत, मराठी वाङ्मयप्रकारांतून आणि मराठी समाजाच्या प्रश्नांच्या संदर्भात झालेली मांडणी होय. तिचा प्रारंभ सतराव्या शतकात गोव्यात झाला. एकोणिसाव्या शतकात मुंबई, पुणे व अहमदनगर ही तिची प्रमुख केंद्रे बनली. विसाव्या शतकात विदर्भातही धर्मशिक्षणाचे केंद्र उभे राहिले. युरोपात घडलेले सिद्धान्त मराठीत आणताना कोणते शब्द स्वीकारावेत आणि परंपरेतील किती भाग आवश्यक मानावा, हा या विचारातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

निकियाच्या परिषदेने (इ.स. 325) पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे, तर काल्सेदोनच्या परिषदेने (इ.स. 451) ख्रिस्त पूर्ण देव व पूर्ण मानव असल्याचे घोषित केले. 1517 नंतरच्या धर्मसुधारणेने पाश्चात्त्य ख्रिस्ती समाजात फूट पडली. त्यामुळे मराठी प्रदेशात कॅथलिक विचार प्रथम पोर्तुगीज सत्तेबरोबर, तर प्रॉटेस्टंट विचार एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश व अमेरिकन मिशनऱ्यांमार्फत पोहोचला.

गोव्यातील पुराणे

इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स (1549–1619) यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात जगाच्या निर्मितीपासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानानंतरपर्यंतची कथा पुराणाच्या पद्धतीने सांगितली आहे. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द त्यात येतो. सिद्धान्त कॅथलिक चर्चचाच असला तरी श्रोत्यांना परिचित शब्द व छंद वापरण्याचे धोरण त्यातून दिसते. एत्येन द ला क्रुआ यांनी सेंट पीटरच्या चरित्रावर ओवीबद्ध पुराण रचले. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध आदेश काढल्याने गोव्यातील या परंपरेला प्रतिकूल परिस्थिती निर्माण झाली.

वादविवादांचा काळ

विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने नव्या कराराचे मराठी भाषांतर 1811 मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथे प्रसिद्ध झाले. अमेरिकन मराठी मिशनने 1813 मध्ये मुंबईत कार्य सुरू केले; 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 पासून निघू लागले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा मोरभट दांडेकर यांच्याशी 1831 मध्ये, तर जॉर्ज बोवेन यांचा विष्णुबावा ब्रह्मचारी यांच्याशी 1857 मध्ये मुंबईत जाहीर वाद झाला. अशा वादांमुळे मिशनऱ्यांना आपले सिद्धान्त हिंदू विद्वानांच्या आक्षेपांसमोर तर्काने मांडावे लागले.

याच काळात मराठी धर्मांतरितांचे स्वतंत्र लेखन पुढे आले. नीळकंठ (नेहेम्या) गोऱ्हे (1825–1895) यांनी 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात सहा दर्शनांचे ख्रिस्ती दृष्टीने परीक्षण केले. बाबा पदमनजी (1831–1906) यांनी 'यमुनापर्यटन' (1857) या कथाग्रंथात हिंदू विधवांच्या दुःस्थितीचा प्रश्न ख्रिस्ती श्रद्धेशी जोडला.

पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (1858–1922) यांनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व आणि अथनेशियसचा म्हणून ओळखला जाणारा मतांगीकार यांविषयी त्यांनी अँग्लिकन मार्गदर्शकांना पत्रांतून प्रश्न विचारले. चर्चच्या अधिकारापेक्षा बायबल व स्वतःची सदसद्विवेकबुद्धी त्यांनी प्रमाण मानली. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा त्यांचा आग्रह होता. केडगाव येथे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. हिंदू धर्मकल्पनांशी निगडित शब्द त्यात त्यांनी कटाक्षाने टाळले. हे संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

नारायण वामन टिळक

रेव्हरंड टिळक (1861–1919) यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंनी टाळलेला मार्ग त्यांनी स्वीकारला. तुकारामादी संतांची भक्ती ही ख्रिस्ताकडे नेणारी वाट आहे, अशी त्यांची भूमिका होती. अभंग, कीर्तन व भजन यांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले. 1917 मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तो खुला होता. त्यामुळे ख्रिस्ताचा शिष्य होण्यासाठी मंडळीचे सभासदत्व अनिवार्य आहे का, हा सैद्धान्तिक प्रश्न उपस्थित झाला. त्यांचे अपूर्ण 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाई टिळक यांनी पुढे नेले.

विदर्भ

वाशिम जिल्ह्याला लागून असलेल्या यवतमाळ येथे अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट पंथाच्या मिशनचे केंद्र होते. या पंथात वैयक्तिक हृदयपरिवर्तन व पवित्रीकरण यांवर भर असतो. यवतमाळ येथेच 1953 मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली. अनेक इव्हँजेलिकल मंडळ्यांच्या सहकार्यातून उभी राहिलेली ही संस्था 1983 मध्ये पुण्यास स्थलांतरित झाली.

पारिभाषिक शब्द

'अवतार' हा शब्द परिचित असला तरी अवतार अनेक मानले जातात. ख्रिस्ताचे मानवी रूप एकमेव मानले जात असल्याने 'देहधारण' हा शब्द रूढ झाला. 'मोक्ष' जन्ममरणाच्या फेऱ्यातून, तर 'तारण' पापातून सुटका सुचवते. प्रॉटेस्टंटांच्या 'बाप्तिस्मा'साठी कॅथलिक लेखनात 'स्नानसंस्कार' हा शब्द आढळतो.

आधुनिक काळ

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) कॅथलिक उपासनेत लोकभाषांचा वापर वाढला. अरविंद निर्मल यांनी 1981 मध्ये बंगळूर येथील व्याख्यानात शूद्र धर्मविज्ञानाची मांडणी केली. त्यातून दलित ख्रिस्ती धर्मविचाराला चालना मिळाली व जातीचा अनुभव सिद्धान्तचर्चेच्या केंद्रस्थानी आला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल' या मराठी अनुवादाला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.